अठ्ठावन्न क्रमांकाचा दुरावांक

अठ्ठावन्न क्रमांकाच्या जनावराला खंगणी झाल्याचं यंत्राने जाहीर केलं, तेव्हा अठ्ठावन्न क्रमांकाचं जनावर चहा पीत होतं.

चहा बिनसाखरेचा होता आणि बशीत ओतलेला होता. पिणारे होते डॉ. मोरेश्वर उंबरकर, मोहगव्हाण पशुस्वास्थ्य निरीक्षण केंद्राचे प्रमुख. त्यांच्यासमोर भिंतभर पडदा होता आणि पडद्यावर सातपुड्याच्या पायथ्याचं चराईरान. रानात हिरवे ठिपके संथपणे सरकत होते. एक ठिपका म्हणजे एक गवळाऊ गाय. लाल ठिपका एकच होता आणि तो रानात नव्हता. तो केंद्राच्या इमारतीत, याच खोलीत, खिडकीजवळ उभा होता.

"सर," डॉ. केतकी वैरागडे म्हणाली, "बाधित जनावर या खोलीत आहे." ती केंद्रात नवीन होती आणि अजून प्रत्येक गोष्ट मोठ्याने सांगत असे.

"दिसतंय मला."

"खोलीत मी आहे आणि तुम्ही आहात. माझ्या गळ्यात पट्टा नाही."

उंबरकरांनी बशी खाली ठेवली आणि शर्टाच्या कॉलरमध्ये बोट घातलं. आत कळपातल्या गाईंच्या गळ्यात असतो तसा सलगीपट्टा होता. वासराच्या मापाचा, करड्या रंगाचा, किंचित घाम आलेला.

या पट्ट्याची हकीगत अशी. कळपावर लक्ष ठेवणारं यंत्र, म्हणजे 'कळपदर्शी', सुरुवातीला फार संशयी होतं. रानात पट्टा नसलेला कोणताही गरम देह दिसला की ते त्याला बिबट्या समजून भोंगा वाजवत असे. त्यामुळे उंबरकरांनी स्वतःच्या गळ्यात पट्टा घालून घेतला. कळपात सत्तावन्न गाई होत्या. ते अठ्ठावन्नावे झाले. पुढे माणसांसाठी खिशात ठेवायचे ओळखबिल्ले निघाले. पण पट्ट्याचं कुलूप फक्त मुख्यालयातून उघडत असे, आणि मुख्यालयाने त्यासाठी जनावराचे दोन्ही बाजूंनी काढलेले, शेपूट स्पष्ट दिसेल असे फोटो मागवले. उंबरकरांनी तो पत्रव्यवहार तिथेच थांबवला.

तेव्हापासून यंत्राकडे त्यांची माहिती अशी होती: नर. शिंगं नाहीत. रवंथ समाधानकारक. हा रवंथ म्हणजे उंबरकरांची सुपारी.

"घाबरायचं नाही," उंबरकर म्हणाले. "शास्त्रीय पद्धतीने जाऊ. खंगणी म्हणजे काय?"

"सर, आत्ता?"

"आत्ताच. रोगी मी आहे, त्यामुळे प्रश्न मी विचारणार."

केतकी सरळ उभी राहिली. "खंगणीचा जंतू गाईच्या कोठीपोटात राहतो. म्हणजे चारा आधी जिथे साठतो त्या पोटात. गाय खाते, पिते आणि तरीही वाळत जाते. रक्ततपासणीत रोग सापडेपर्यंत वर्षं जातात. तोवर तो कळपभर पसरलेला असतो."

"मग आपल्याला आधी कसं कळतं?"

"आपल्याला नाही कळत. गाईंना कळतं. बाधित गाईच्या श्वासाचा वास बदलतो. आपल्या नाकाला तो येत नाही, पण तिच्या जिवलगेला येतो. प्रत्येक गाईची कळपात एक जिवलग असते. दोघी शेजारी चरतात, एकमेकींना चाटतात. एकीला खंगणी झाली की दुसरी हळूहळू लांब चरायला लागते. ती भांडत नाही, ढुशी देत नाही. नुसती सरकते. हे सरकणं यंत्र मोजतं. त्याला आपण दुरावांक म्हणतो."

"जिवलग कोण, हे कोण ठरवतं?"

"पट्टा घातल्यावरचे पहिले सहा महिने ओळखकाळ. त्या काळात जनावर सर्वांत जास्त वेळ जिच्याजवळ घालवतं, ती त्याची जिवलग. एकदा ठरली की बदलत नाही. बदलू दिली, तर लांब गेलेल्या मैत्रिणीच्या जागी यंत्र नवी धरेल आणि रोग लपून राहील."

"आणि दोघींमधलं अंतर वाढलं, तर आजारी कोणती समजायची?"

"जी मागे राहिली ती. सरकून जाते ती निरोगी. हे तुमचंच वाक्य आहे, सर."

"वाक्य चांगलं आहे," उंबरकर म्हणाले. "आता माझं बघ."

केतकीने लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. पडद्यावर अक्षरं उमटली. *क्रमांक ५८. जिवलग: भिंगरी. जिवलगेपासूनचं अंतर: चाळीस किलोमीटर. जिवलग सरकली आहे. गळ्याचा घेर कमी होत आहे. रवंथ बंद.*

सुपारीची डबी टेबलावर बंद होती. केतकीला आठवलं की ती सबंध आठवडाभर बंदच होती.

भिंगरीला मागच्याच आठवड्यात ट्रकमध्ये चढवून चाळीस किलोमीटरवरच्या विलगवासात नेलं होतं. तिथे प्रत्येक बाधित जनावराला स्वतंत्र खोली मिळते. चारा उत्तम, पाणी स्वच्छ आणि शेजारी कोणी नाही. भिंगरीच्या आधी मैना गेली होती. दोघीही तिथे जाऊन वाळल्या, त्यामुळे यंत्राचं निदान खरं ठरलं असं सगळ्यांनी मान्य केलं. नियम असा होता की एका कळपात तिसरा बाधित सापडला की सबंध कळप विलगवासात जायचा, एकेक जनावर एकेका खोलीत, कायमचं. तो नियमही उंबरकरांचाच होता.

"म्हणजे सर, तिसरे तुम्ही," केतकी म्हणाली.

दार वाजलं नाही. ते उघडलंच.

"माह्या कळपात वळू कोठून आला व माय?" कळपाच्या मालकीण पंचफुलाबाई अवथळे मोबाईल पुढे धरून आत आल्या. मोबाईलवर यंत्राचा संदेश होता: *आपला वळू क्र. ५८ खंगणीबाधित आहे. सबंध कळप नेण्यासाठी उद्या ट्रक येतील. काळजी नसावी.* "अन् काळजी नसावी म्हंते! पंचावन्न गाई नेऊन राह्यलं अन् काळजी नसावी! म्या काय मंग गोठ्यात एकटीनं हंबरत बसू?"

"पंचफुलाबाई, तो वळू मी आहे," उंबरकर म्हणाले.

बाईंनी त्यांना नीट पाहून घेतलं. "तुमी?"

"यंत्राच्या मते."

"त्या यंत्राले माहा राग हाये," बाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "म्या एकदा त्याच्या खांबावर लुगडं वाळत घातलं होतं, तवापासून हाये. पन तुमी काहून लाल झाले?"

"भिंगरी गेली म्हणून," केतकीने सांगितलं. "यंत्राच्या हिशेबाने ती सरांची जिवलग आहे."

हे बोलल्यावर तिला वाटलं की आपण काहीतरी खासगी उघड केलं. पण पंचफुलाबाईंना त्यात नवीन काहीच नव्हतं. दुपारी पळसाखाली डॉक्टरसाहेब डबा उघडतात आणि भिंगरी येऊन शेजारी बसते, हे सगळ्या रानाला माहीत होतं. सुरुवातीला ती भाकरीच्या तुकड्यासाठी आली. उंबरकरांनी तिला पहिले काही दिवस हाकललं. मग हाकलायचं सोडलं. मग तिला सावली पुरावी म्हणून स्वतः थोडे उन्हात सरकले. पुढे डब्यात भाकरी नसली, तरी ती यायची. उंबरकर तिला मुख्यालयाच्या तक्रारी सांगायचे आणि ती कान हलवायची. बाकी कळपात ती तुसडीच. मैना सोडून कोणाला जवळ उभं करायची नाही.

"वाटलंच मले," पंचफुलाबाई म्हणाल्या. "आठ दिवस झाले, तुमचं तोंड चिचेवानी झालं हाये. जेवता का नाई?"

"डबा येतो. जात नाही."

केतकीने तोवर मुख्यालयाला फोन लावला होता आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला होता.

"बोला. क्रमांक अठ्ठावन्न, नर," पलीकडचा तरुण आवाज म्हणाला. "वय एकोणसाठ महिने?"

"वर्षं."

"इतका म्हातारा वळू कशाला ठेवलाय?"

"ते केंद्रप्रमुख आहेत."

"कळपाचे?"

"आमचे. ते माणूस आहेत."

"असं होय!" आवाज एकदम मोकळा झाला. "मग ही नोंदीतली चूक आहे, मॅडम. मी अठ्ठावन्न क्रमांक पुसून टाकतो. बाधित दोनच राहतील, ट्रक निघणार नाहीत. फक्त हो म्हणा."

"हो म्हना, हो म्हना!" पंचफुलाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. केतकीनेही 'हो' म्हणायला तोंड उघडलं.

"थांबा," उंबरकर म्हणाले. "पुसू नका."

दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. उंबरकर पडद्याकडे पाहत होते, जिथे त्यांचा ठिपका लाल होता आणि त्याच्या आसपास हिरवं काहीच नव्हतं.

"मला पुसलं, तर कळप वाचेल," ते सावकाश म्हणाले. "पण भिंगरी आणि मैना तिथेच राहतील. केतकी, भिंगरीला यंत्राने बाधित का ठरवलं?"

"तिची जिवलग मैना. मैना तिच्यापासून सरकली आणि भिंगरी मागे राहिली."

"मैना सरकली? पायाने?"

"नाही. आपण तिला ट्रकने नेलं. पट्टा गळ्यातच होता. यंत्राला वाटलं, ती स्वतः चाळीस किलोमीटर चालत गेली. भिंगरीचा तिरस्कार वाटून."

"ते वाक्य मी लिहिलं, तेव्हा माझ्या डोक्यात गाई होत्या," उंबरकर म्हणाले. "ट्रक नव्हता."

"पण सर, त्या वाळल्या."

"एकट्या ठेवल्या म्हणून वाळल्या."

"हे आपण म्हणतोय." केतकीला असं बोलणं आवडत नव्हतं, पण तिने बोलून टाकलं. "खरंच खंगणी असती, तरी अशाच वाळल्या असत्या. मुख्यालयाचं मंडळ विचारेल, दोन्हीतला फरक कसा ओळखायचा? रक्त तर अजून काहीच सांगणार नाही."

"बरोबर. मंडळाने हे विचारायलाच हवं. उपाय एकच. ज्याला खंगणी होणं अशक्य आहे, असं एखादं जनावर हवं. त्याच्यापासून त्याची जिवलग ट्रकने लांब न्यायची. मग तेही वाळलं, तर वाळण्याचं कारण जंतू नाही."

"असं जनावर कुठून आणणार? गाय म्हटली की कोठीपोट आलंच, आणि..."

ती थांबली.

"सर," ती म्हणाली, "तुम्हाला कोठीपोट नाही."

"नाही," उंबरकर म्हणाले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच ते थोडे प्रसन्न दिसले.

"हॅलो?" फोनमधला आवाज म्हणाला. "पुसू ना?"

"मुळीच नाही. अठ्ठावन्न क्रमांक राहील. त्याला मंडळासमोर बोलायचं आहे."

"सर, मंडळासमोर जनावरं बोलत नाहीत."

"म्हणून तर इतके दिवस कोणाला काही कळलं नाही," उंबरकर म्हणाले आणि फोन ठेवला.

पंचफुलाबाई कपाळाला हात लावून बसल्या. "डाक्टरसाहेब, दोन गाईईपायी माह्या पंचावन्न गाई डावावर लावून राह्यले तुमी."

"हो," उंबरकर म्हणाले. "तुम्ही नको म्हणालात, तर आत्ता पुसायला सांगतो. गाई तुमच्या आहेत."

बाई बराच वेळ पडद्यावरच्या ठिपक्यांकडे बघत राहिल्या. मैनेची आई त्यांनी माहेरून आणली होती, हे केतकीला नंतर कळलं.

"नीट बोलजा मंग," त्या शेवटी म्हणाल्या. "अन् त्या बैठकीले हा शर्ट घालू नका. गबाळे दिसता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाची बैठक पडद्यावर भरली. अध्यक्ष श्रीमती देवयानी दाबके मधोमध होत्या. सदस्य दोन्ही बाजूंना होते, आणि एका कोपऱ्यात ट्रक दिसत होते, कारण ट्रक निघून गेले होते आणि वाटेत होते. इकडे उंबरकर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती. पुरावा दिसायला हवा होता.

उंबरकरांनी सगळं क्रमाने सांगितलं. दाबकेबाईंनी मध्ये एकदाही टोकलं नाही. त्या अशा बाई होत्या की त्यांनी टोकलं नाही, तर बोलणाराच घाबरायचा.

"मला समजलं ते सांगते," त्या म्हणाल्या. "माणसाला खंगणी होत नाही. आपल्यात खंगणीची सगळी चिन्हं आहेत. म्हणून ही चिन्हं खंगणीची नाहीत."

"होय."

"माणूस इतरही कारणांनी वाळतो. साखर, कामाचा ताण, मुख्यालय."

"तपासण्या करून घेतल्यात. साखर ठीक आहे. मुख्यालय पूर्वीपासून आहे."

एक सदस्य खाली बघून हसला. दाबकेबाई हसल्या नाहीत. "मग कारण कोणतं, हे इतिवृत्तात यायला हवं. अंदाज नको. आपल्या तोंडून हवं."

एकोणसाठ वर्षांच्या आयुष्यात उंबरकरांनी कोणाची आठवण येते, असं कोणालाही सांगितलं नव्हतं. आईलाही नाही, तिला ते 'तब्येत सांभाळ' असं लिहायचे. आता समोर सात सदस्य, एक अध्यक्ष आणि बैठक लिहून घेणारं यंत्र होतं. मागे पंचफुलाबाई उभ्या होत्या आणि त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"भिंगरी गेली," ते म्हणाले. "दुपारी डबा उघडतो. शेजारी कोणी नसतं. मी अजूनही थोडा उन्हातच बसतो, सवयीने. सावली तिच्या जागेवर रिकामी असते. मग जेवण जात नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला तिची आठवण येते. असं लिहा."

लिहिणाऱ्या यंत्राने तसं लिहिलं. पंचफुलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

दाबकेबाई पूर्वीपेक्षा जरा हळू बोलल्या. "दुसरा आणि तिसरा बाधित रद्द होतो. मला पटलं. पण पहिलं प्रकरण उरतं, डॉक्टर. मैना. ती लाल झाली, तेव्हा कळपातून कोणालाही नेलेलं नव्हतं. ट्रकच नव्हता. भिंगरी तिच्यापासून सरकली ती स्वतःच्या पायांनी. आपल्याच नियमाने मैना बाधित ठरते. आणि ती बाधित असेल, तर तिच्या शेजारी वाढलेला कळप मी मोकळा सोडू शकत नाही."

उंबरकरांनी मैनेची नोंद काढून वाचली आणि खाली ठेवली. ट्रक कोपऱ्यातल्या चौकटीत घाट उतरत होते.

"भिंगरी सरकली, हे खरं," केतकी म्हणाली. "पण कुठे सरकली, हे आपण बघितलेलंच नाही. यंत्र फक्त कोणापासून सरकली ते सांगतं."

"त्याने काय फरक पडतो?" एका सदस्याने विचारलं.

"मला माहीत नाही. बघू या."

तिने कळपदर्शीकडून मैना लाल होण्याआधीच्या दिवसांचं रान मागवलं. पडद्यावर सकाळ झाली. दोन हिरवे ठिपके जोडीने चरत निघाले, मैना आणि भिंगरी. ते नाल्याकाठी थांबले, पुन्हा निघाले. दुपार होत आली. मग एक ठिपका सुटला. भिंगरी नाला ओलांडून सरळ रेषेत निघाली. गाय इतक्या सरळ रेषेत चालते, हे केतकीने पहिल्यांदा पाहिलं. मैनेचा ठिपका काही अंतर मागे आला, थांबला, आणि तिथेच उभा राहिला. भिंगरी रानाच्या टोकाला जाऊन थांबली आणि दुपार कलेपर्यंत हलली नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही.

"तिथे काय आहे?" दाबकेबाईंनी विचारलं. "पाणी?"

"पळसाचं झाड," केतकी म्हणाली.

"गाय रोज दुपारी पळसाकडे का जाते?"

"मला वाटतं, आपण फक्त माद्या बघतोय." केतकीने नर जनावरं दाखवायची आज्ञा दिली. कळपात नर एकच होता. पळसाखाली तिसरा ठिपका उमटला. भिंगरीचा ठिपका त्याला इतका चिकटून होता की दोन्ही मिळून एकच दिसत होते.

"म्हणजे या साथीचा उगम," दाबकेबाई म्हणाल्या.

"मी," उंबरकर म्हणाले.

त्यांनी पडद्याजवळ जाऊन नाल्याकाठच्या त्या एकट्या ठिपक्याकडे पाहिलं. "मैनेच्या श्वासाला काही झालं नव्हतं. तिची मैत्रीण रोज दुपारी माझ्याकडे यायची. इतकंच. तिला मागे ठेवून यायची, आणि मी त्या वेळी सुपारी कातरत असायचो." मग ते अध्यक्षांकडे वळले. "नियमात दुरुस्ती हवी. मागे राहिलेलं जनावर आजारी असतंच असं नाही. ते नुसतं मागे राहिलेलं असू शकतं."

दाबकेबाईंनी ट्रक थांबवले. मग थोडा विचार करून त्यांनी ट्रक विलगवासाकडे वळवले, कारण रिकामे परत आणण्यापेक्षा ते बरं. "आणि अठ्ठावन्न क्रमांकाचं काय करायचं?" त्यांनी विचारलं. चेहरा तसाच गंभीर होता. "त्याला परत कळपात सोडायला हरकत नसावी."

संध्याकाळी ट्रक आले. मैना आधी उतरली. बरगड्या मोजाव्यात इतकी ती वाळली होती. तिच्यामागून भिंगरी उतरली आणि जागच्या जागी तिची मान चाटायला लागली. बाकी कळप भोवती गोळा झाला. पंचफुलाबाई एकेकीला नावाने शिव्या देत रडत होत्या.

उंबरकर खोलीच्या खिडकीतून बघत होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डबा ऑफिसात उघडायला सुरुवात केली. विचारलं, तर उन्हाचं कारण सांगत. तिसऱ्या दिवशी पंचफुलाबाईंनी डबा त्यांच्या टेबलावरून उचलला आणि घेऊन चालू लागल्या, त्यामुळे त्यांना मागून जावं लागलं.

"मी तिथे बसलो, तर मैना पुन्हा एकटी पडेल," ते चालता चालता म्हणाले.

"तुमी एका कडेले बसत होते, म्हनून पडली. दोघीईच्या मधात बसा न बापा. मोठे शास्त्रज्ञ झाले, येवढं सुचत नाई?"

"मैना मला जवळ बसू देणार नाही."

"काहून देईल? तुमी तिची मैतरीन पळवली." बाईंनी डबा पळसाखाली ठेवला. "पयले दोन दिवस ढुशी मारंल. खाऊन घ्या."

मैनेने दोन दिवस नाही, चांगले पंधरा दिवस ढुशा मारल्या. उंबरकरांच्या पाठीवर निळे डाग पडले. ते त्यांनी कोणाला दाखवले नाहीत, पण पट्ट्याने ते धक्के नोंदवले, आणि यंत्राने 'क्र. ५८ कळपात रुळत आहे' असा शेरा मारला.

मंडळाने यंत्राला ट्रक म्हणजे काय ते शिकवलं आणि मोहगव्हाणच्या कळपाचा ओळखकाळ नव्याने सुरू केला. सहा महिन्यांनी त्याचे निकाल आले. महिनाअखेर उंबरकर निवृत्त होणार होते. पुण्यात पुतण्याने त्यांच्यासाठी बाविसाव्या मजल्यावर एक खोली रंगवून ठेवली होती.

"भिंगरीची जिवलग मैना," केतकीने वाचलं. "पूर्वीसारखीच. अठ्ठावन्न क्रमांकाची जिवलग भिंगरी."

"अपेक्षित."

"मैनेचा जिवलग..." ती थांबली. "क्रमांक अठ्ठावन्न."

उंबरकरांनी चष्मा लावला आणि स्वतः वाचलं. मग काढला आणि पुन्हा लावून वाचलं.

"सर, तुम्ही पुण्याला गेलात, की मैना लाल होणार."

"यंत्राला ट्रक शिकवला तशी एसटी शिकव. निवृत्तीही शिकव. किती वेळ लागेल?"

"एका दुपारचं काम आहे." केतकीने कळफलकावर हात ठेवला, पण काही टंकलं नाही. "त्याने यंत्र लाल दाखवायचं थांबेल, सर. मैना वाळायची थांबणार नाही."

उंबरकर खिडकीशी गेले. रान हिरवं होतं. पंचफुलाबाई कोणालातरी हाका मारत होत्या. उंबरकरांनी खिशातून फोन काढला आणि पुतण्याला लावला.

"मी येत नाही," ते म्हणाले.

"का काका? तब्येत बरी नाही?"

"तब्येत उत्तम आहे. आलो तर बिघडेल. माझी थोडी, मैनेची जास्त."

"मैना कोण?"

उंबरकरांना अचूक बोलायची सवय होती. "मी तिचा जिवलग आहे," ते म्हणाले. "माझी जिवलग भिंगरी."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"काका," पुतण्याने आवाज खाली आणून विचारलं, "या दोघींना एकमेकींबद्दल माहीत आहे?"

"माहीत आहे," उंबरकर म्हणाले. "मी मधोमध बसतो."